अण्णांनी बांधलेली माशी

"कुंदे, ही मीच बांधलेली ना?"

अण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्यासमोर आमचा वाटाड्या दौलतराम हातजाळी धरून वाकला होता आणि जाळीत हातभर लांबीचा ट्राऊट शेपटी आपटत होता. पिवळसर पोट, पाठीवर काळे ठिपके आणि मधूनमधून कुंकवाच्या टिकलीएवढे लाल. दौलतरामने त्याच्या जबड्यातून गळ सोडवला आणि अण्णांच्या तळहातावर ठेवला. मासा अण्णांना नीटसा दिसणार नव्हताच, पण त्यांनी त्याला हातही लावला नाही. ते त्या गळावर बांधलेल्या पिसांवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. डोक्याकडून शेपटीकडे, मग पुन्हा डोक्याकडून.

"ना?" त्यांनी परत विचारलं.

"म्हणजे काय अण्णा! दुसरं कोण बांधणार?" मी काठावरच्या दगडावरून ओरडून म्हणाले. नदीच्या आवाजात ओरडावंच लागत होतं. खोटं ओरडून बोलायला सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं.

"हं," अण्णा म्हणाले.

दौलतरामने मासा पाण्यात सोडून दिला. तिथला नियमच तसा होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. अण्णांना जाऊन नऊ झाली. मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेलं तर त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं वाटतं. कुणी मेलं नाही, कुणाचं भांडण झालं नाही. तरीही.

अण्णा, म्हणजे माझे वडील यशवंत गांगुर्डे, इगतपुरीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. त्यांच्या उमेदीच्या काळात तिथे हॅलेट नावाचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते धरणावर मासे धरायला जायचे, पण गळाला गांडूळ नाही की कणीक नाही. गळावर पिसं आणि धागे बांधून ते स्वतःच एक खोटं किडूक तयार करायचे. त्याला ते फ्लाय म्हणत. अण्णांनी त्याचं सरळ 'माशी' करून टाकलं आणि आमच्या घरात तोच शब्द राहिला. हॅलेटसाहेब देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा गळ धरून ठेवायचा आपला छोटा शेगडा अण्णांना देऊन गेले. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. अण्णा कामावरून येत, हातपाय धूत, चहा घेत आणि खिडकीपाशी शेगड्यासमोर बसत. आई म्हणायची, "बसले माश्या मारत."

अण्णा निवृत्त झाले, आई गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी घोटीच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. लग्न केलं नव्हतं. त्याचं कुणाला काही वाटायचं वयही उलटून गेलं होतं.

मग टिपणीस आले. हे मूळचे पुण्याचे गृहस्थ. हिमाचलात कुलूच्या पुढे एका अरुंद खोऱ्यात त्यांनी मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी तंबूंचा कॅम्प चालवायला घेतला होता. आमच्या धरणावर कुणीतरी त्यांना अण्णांची माशी दाखवली आणि ते पत्ता काढत घरी आले. तासभर बसले, चार वेळा "कमाल आहे" म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी कॅम्पसाठी माश्या बांधायला वाकड्या मानेचे गळ पाठवले.

ही माशी वेगळी होती. नाव माशी, पण बांधून झाली की बोटाच्या दोन पेरांएवढी मासळीच दिसायची. मानेपाशी एक जड मणी बसवायचा, त्यामुळे ती पाण्यात टाकली की डोक्यावर उलटी होऊन तळाला जाते. गळाचं टोक वर राहतं आणि दगडात अडकत नाही. दोरी हलकेच खेचली की उडी मारते, सोडली की डोकं खाली घालून बुडते. शेपटीला कोंबडीच्या पोटाखालचं मऊ पीस, अंगाला गडद लोकर, आणि लोकरीवरून येवल्याहून आणलेल्या जरीचे पाच वेढे. जरीची कल्पना अण्णांची. "माशाचं पोट कसं चमकतं बघितलंस ना? तेवढंच हवं. जास्त चमकलं की त्याला संशय येतो."

टिपणिसांचे पाहुणे त्या माश्यांवर खूश होते. अण्णांचं नाव त्या खोऱ्यात माहीत झालं होतं. साठीनंतर माणसाला कुणी ओळखायला लागलं तर तो कसा चालतो, ते मी बघितलं आहे. अण्णा बाजारातून चालतानासुद्धा ताठ असत.

मग त्यांचे डोळे जायला लागले. काचबिंदू नाही, मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुकत चालला होता आणि त्यावर आता काही करता येणार नाही, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेचं दिसायचं; दार, माणसाची आकृती, रस्त्याची धार. पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं. "मी बघायला गेलो की तिथंच भोक पडतं बघ," अण्णा म्हणायचे, आणि हसायचे.

तरी ते शेगड्यासमोर बसतच राहिले. "बोटांना पाठ आहे," म्हणायचे.

बोटांना पाठ नव्हतं. पहिला महिना बरा गेला. नंतर एके दिवशी टिपणिसांकडे पाठवायचं पुडकं बांधायच्या आधी मी माश्या टेबलावर मांडून बघितल्या. मणी तिरके बसले होते. शेपटीचं पीस एका अंगाला. काहींची जर सैल पडून गळाच्या टोकाशी आली होती. लॅबमध्ये माझं अर्धं आयुष्य नमुने तपासण्यात गेलं. जो ठीक नाही तो बाजूला काढायचा, त्यात विचार करायचा नसतो. मी बारा माश्यांमधल्या अकरा बाजूला काढल्या.

आणि मग त्या अकरा मीच बांधल्या. लहानपणापासून अण्णांच्या शेजारी बसून शिकलेच होते. दुपारी अण्णा झोपले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून बांधायची. पुडकं गेलं. आठ दिवसांनी टिपणिसांचा फोन आला. अण्णांनी फोन कानाला लावून ऐकलं आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कुंदे, म्हणतायत यावेळचा माल एकदम फर्स्टक्लास."

त्या एका वाक्यानंतर सांगायचं कसं?

सव्वा वर्ष मी हेच करत होते. अण्णा बांधायचे, मी बदलायची. त्यांच्या माश्या घरात ठेवायची सोय नव्हती, कारण त्यांचा हात कुठेही जायचा, कुठल्याही डब्यात. म्हणून घंटागाडी आली की कचऱ्याबरोबर त्याही देऊन टाकायची. मी स्वतःला म्हणायची, हे त्यांच्यासाठी चाललंय. ते खरंही होतं. पण आणखी एक गोष्ट खरी होती आणि ती मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हते. माझ्या माश्या चांगल्या होत होत्या. दर खेपेला आधीपेक्षा चांगल्या. मला ते आवडत होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये टिपणिसांनी अण्णांना कॅम्पवर बोलावलं. "अण्णा, तीस वर्षं तुम्ही माश्या बांधताय, ट्राऊट कधी धरलात का? या. हंगाम संपायच्या आत या. ताईंनाही आणा."

अण्णा पोरासारखे हरखले. त्या दिवसापासून त्यांनी बाकी काही बांधलं नाही, फक्त प्रवासासाठीच्या माश्या. दीड महिना रोज सकाळी बसायचे. एकेक माशी गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीत टाकायचे आणि झाकण लावताना आकडा म्हणायचे. निघायच्या आदल्या दिवशी "एक्केचाळीस" म्हणाले आणि डबी माझ्या हातात दिली. "तुझ्या पर्समध्ये ठेव. माझ्याकडून हरवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, तेव्हा अण्णा आंघोळीला गेले होते.

*

ट्राऊट लागल्याची बातमी आमच्याआधी कॅम्पवर पोचली होती. आम्ही आलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. टिपणीस मोठ्याने हाका मारत पुढे आले आणि त्यांनी अण्णांना खुर्चीवर बसवलं. पुण्याचं एक डॉक्टर जोडपं तिथे उतरलं होतं, तेही येऊन बसले. चहा आला.

"पाच किलोमीटरच्या पट्ट्यात या मोसमातला सगळ्यात मोठा!" टिपणीस त्या दोघांना सांगत होते. "आणि कुणाला लागला? ज्याला मासा दिसत नाही त्याला. कशावर लागला? स्वतः बांधलेल्या माशीवर. डॉक्टर, यांच्या डोळ्यांची अवस्था ऐकाल तर तुमचा विश्वास बसणार नाही."

डॉक्टरांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. अण्णा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"टिपणीस," ते म्हणाले, "या वर्षभरात पाठवलेला माल कसा होता हो? खरं सांगा."

"खरं सांगू? पूर्वीपेक्षा सरस. पूर्वीच्या चांगल्याच होत्या, पण आताचं काम म्हणजे... अहो, एक अमेरिकन पाहुणा आला होता मे महिन्यात. जाताना डझनभर घेऊन गेला. त्यांच्याकडे तळ्यात बास म्हणून मासा असतो, तो म्हणे या माश्यांवर तुटून पडला. त्याचं पत्र आलंय मला. डोळे गेल्यावर माणसाचा हात सुधारतो हे मी पहिल्यांदाच बघतोय."

"पूर्वीपेक्षा सरस," अण्णा सावकाश म्हणाले.

मला आठवतं, ते अमेरिकन माणसाचं ऐकून क्षणभर मला आतून बरं वाटलं होतं. मे महिन्यातला माल माझाच होता. त्या बऱ्या वाटण्याची लाज मला अजून वाटते, खोटं बोलल्यापेक्षाही जास्त.

"कुंदा, तुला थंडी वाजत असेल. आत जा," अण्णा म्हणाले. मला ते कुंदे म्हणायचे. कुंदा म्हणायचे ते परक्यांसमोर, किंवा त्यांचं काही बिनसलेलं असलं की. इथे परके होते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याआधी तयार होऊन बसले होते. छातीपर्यंतची रबरी विजार घालून, काठी पायात धरून.

"कालच्याच डोहावर जायचं," ते म्हणाले.

कॅम्पपासून तो डोह अर्ध्या तासावर होता. वाट नदीच्या कडेने, मोठाल्या दगडांमधून. दौलतराम पुढे, त्याच्यामागे मी, माझ्या खांद्यावर हात ठेवून अण्णा. दौलतराम तिथलाच होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. नदीवर पोचल्यावर त्याने रॉड जोडला, दोरी ओढून घेतली आणि मोकळं टोक माझ्याकडे दिलं. काल माशी मीच दोरीला बांधून दिली होती. मी पर्समधून डबी काढायला लागले.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, तिची घडी उलटली आणि आतून एक माशी काढून माझ्यापुढे धरली. "ही लाव."

"ही कुठली?"

"माझी. ऑगस्टात बांधलेली. पहिलीच या खेपेची. शकुन म्हणून टोपीत ठेवली होती."

मी ती हातात घेतली. मणी एका बाजूला कलला होता. शेपटीचं पीस पाठीवर यायचं ते कुशीला आलं होतं. जरीचे वेढे दोन जागी एकमेकांवर चढले होते. लॅबमध्ये असा नमुना आला असता तर मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं.

"अण्णा, कालचीच लावू या ना. ती लाभली होती."

"ही लाव."

"हिचं पीस जरा सुटल्यासारखं..."

"कुंदा. ही लाव."

मी लावली.

दौलतरामने त्यांना दंडाला धरून पाण्यात उभं केलं आणि दिशा दाखवली. अण्णांनी दोरी फेकली. फेकायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. खांदा, कोपर, मनगट, सगळं एका लयीत जायचं. माशी पलीकडच्या काळ्या दगडापाशी पडली. अण्णांनी तळ लागेपर्यंत वाट बघितली आणि डाव्या हाताने दोरी टप्प्याटप्प्याने खेचायला लागले. खेच, थांब. खेच, थांब. पाणी काचेसारखं होतं. मी उंच दगडावर बसले होते, तिथून मला माशी दिसत होती. ती सरळ येत नव्हती. एका कुशीवर कलंडून लंगडत येत होती.

नऊ वाजले. दहा वाजले. ऊन डोहावर आलं. अण्णांनी जागा बदलली नाही. दौलतराम एकदा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "दीदी, कलवाली लगा दो ना. बुज़ुर्ग थक जाएँगे." मी अण्णांना हाक मारली, चहा घेता का म्हणून. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ते पाणी बर्फाचं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. मला वाटलं, हे मला शिक्षा करतायत. मग वाटलं, यांना काय माहीत असणार. मग पुन्हा वाटलं, माहीत आहे. असं दोन तास चाललं होतं. उठून पाण्यात जावं आणि सगळं सांगून टाकावं असं मला चारपाच वेळा तरी वाटलं असेल. मी थर्मासचं झाकण उघडत आणि लावत बसले.

अकराच्या सुमाराला अण्णांनी दोरी खेचली आणि थांबले. आणि रॉड वाकला.

डोहाच्या मध्यावर पाणी फुटलं. मासा पूर्णच्या पूर्ण बाहेर आला, उन्हात पिवळा लखलखीत, आणि डोकं झटकून पुन्हा आत गेला. कालच्यापेक्षा मोठा होता. मी उभी राहिले. दौलतराम जाळी घेऊन धावला. अण्णा दोरी सोडत होते, आवळत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मासा दुसऱ्यांदा उडाला. रॉड एकदम सरळ झाला.

दोरी सैल पडली. अण्णांनी ती हळूहळू गुंडाळून घेतली, टोक हातात धरलं आणि चाचपलं. पीस गेलं होतं. जर सुटून धाग्याच्या टोकाशी लोंबत होती. नुसता गळ आणि मणी राहिला होता.

मला वाटलं आता ते खचतील. अण्णा हसायला लागले. शेडमधले मित्र घरी आले की हसायचे तसे, पोटातून.

"लागला होता! कुंदे, लागला होता ना? बघितलंस ना तू?"

"बघितला अण्णा."

"केवढा होता?"

"कालच्याहून मोठा."

"माझ्या माशीला लागला," ते दौलतरामला म्हणाले, मराठीतच. तोही हसला आणि म्हणाला, "बाबूजी, ज़ख्मी मछली जैसी चल रही थी. इसीलिए पकड़ा." मग अण्णा चाचपडत काठाकडे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दुसरी दे. लवकर. तो गेला तरी तिथं आणखी असतील. आता मला कळलंय कुठं थांबायचं ते."

मी डबी उघडली आणि एक माशी त्यांच्या हातावर ठेवली. दुसरं काय करणार होते? त्यांनी नख फिरवलं आणि ती परत माझ्याकडे धरली.

"ही नव्हे. ही तुझी."

मी ती परत घेतली.

"तू डावरी. मी जरीचे वेढे वरून पलीकडे नेतो, तू अलीकडे घेतेस. तुझा पीळ उलटा पडतो. काल मासा सोडवला आणि हातात घेतली तेव्हा कळलं."

"मग काल मला विचारलंत कशाला?"

"तू सांगशील म्हणून."

नदीचा आवाज होता म्हणून बरं. अण्णांनी नाक पुसलं.

"जाऊ दे ते. ते मी काल संध्याकाळीच सोडून दिलं. वाईट बांधल्या गेल्या असतील, म्हणून बदलल्यास. मला राग नाही. पण आता माझी दे. कुठल्या डब्यात ठेवल्यास त्या?"

त्यांना वाटत होतं की मी त्या ठेवल्या असतील. काल संध्याकाळपासून, टिपणिसांचं ते सगळं ऐकूनसुद्धा, त्यांच्या मनात एवढंच होतं की मुलीने आपल्या माश्या बाजूला काढून ठेवल्यात. त्या टाकून दिल्या असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाहीयेत अण्णा."

"घरी राहिल्या?"

"नाही."

"मग?"

"टाकल्या."

"टाकल्या म्हणजे? कुठं टाकल्या?"

"घंटागाडीत."

त्यांचा हात अजून पुढेच होता. तो त्यांनी खाली घेतला.

"एक्केचाळीस होत्या," ते म्हणाले.

"हो."

"आणि वर्षभरातल्या?"

"त्याही. सगळ्या."

दौलतरामला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी झालंय हे त्याला कळलं असणार. तो जाळी घेऊन लांब जाऊन उभा राहिला. अण्णांनी पाण्याकडे तोंड वळवलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ अगदी ताठ होती.

"बरं," ते म्हणाले. "मग तुझी दे."

"अण्णा, राहू दे आता. जाऊ या."

"आलोय तर धरू दे. दे."

मी माझी माशी दोरीला बांधली. गाठ दोनदा चुकली. अण्णांनी दोरी त्याच काळ्या दगडाजवळ टाकली आणि तासाभरात दोन ट्राऊट धरले. चांगले होते दोन्ही. प्रत्येक वेळी दौलतरामने मासा सोडवला, तेव्हा अण्णा त्याला मोडक्या हिंदीत सांगत होते, "हमारी लडकीने बांधी है. बहुत अच्छी बांधती है." त्यात टोमणा असता तर मला चाललं असतं. टोमणा नव्हता.

पुढचं इथेच सांगून टाकते. त्याच दिवशी कॅम्पवर परतल्यावर अण्णांनी स्वतः टिपणिसांना सांगितलं की वर्षभर माल मुलीचा होता. टिपणीस आधी गडबडले, मग माझं कौतुक करायला लागले, आणि यापुढे तुमच्या नावाने पाठवा म्हणाले. मी पाठवल्या नाहीत. घरी आल्यावर मी शेगडा पुसून, तेल देऊन अण्णांसमोर ठेवला. गळ, पिसं, जर, सगळं हाताशी मांडलं. "बांधा अण्णा. आता मी एकही बदलणार नाही." ते हसून म्हणाले, "अगं, जमत नाही आता. तूच म्हणत होतीस की." मी असं कधीच म्हटलं नव्हतं. तोंडाने म्हटलं नव्हतं. त्यानंतर पाच वर्षं ते होते. रेडिओ ऐकायचे, माझी वाट बघायचे, शेजारच्यांशी गप्पा मारायचे. माझ्याशी एकदाही वाकडं वागले नाहीत. शेगड्यासमोर परत बसले नाहीत.

पण मला सारखी आठवते ती त्या दुपारची वाट. डोहावरून परत येताना दौलतराम पुढे गेला होता. मी चालत होते, अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. रबरी विजारीचं पाणी त्यांच्या प्रत्येक पावलाला वाजत होतं. अर्धी वाट झाल्यावर त्यांनी विचारलं,

"कुंदे."

"काय अण्णा?"

"माझ्या त्या माश्यांतली एखादी तू पाण्यात टाकून बघितली होतीस का गं? एखादी तरी?"

मी थांबले. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. या वेळी ओरडायची गरज नव्हती, तिथे वाट नदीपासून लांब वळली होती.

"नाही अण्णा."

"हं," ते म्हणाले.

खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही. काढून चालणार नव्हतं. पुढे सगळे दगडच होते.